एका गाडीचे पाच सीट

चोरीचा माल माणूस लपवून ठेवतो. मी तो गुलाबी खडूनं, भोवती वेलबुट्टी काढून, भर रस्त्यावरच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. वर ठळक अक्षरांत मथळा दिला होता, 'आजचा सुविचार'. लिहून झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेले, मान तिरपी करून लांबून अक्षर कसं दिसतं ते पाहिलं, आणि स्वतःवर खूश होत घरी वांग्याची भाजी टाकायला निघून गेले. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. अठराची असते तर म्हणता आलं असतं, अक्कल यायची होती.

माझा मूर्खपणा कुठे पळून जात नाही. आधी ज्यांच्या फळ्यावर तो लिहिला, त्या माणसाबद्दल सांगते.

त्यांना सगळी वणी 'कंट्रोलर' म्हणायची. मी चाचा म्हणायचे. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. भोंग्यातून जो आवाज यायचा, 'मारेगावमार्गे यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे', तो त्यांचा. आवाज असा, की ज्याला कुठेच जायचं नाही तोही उठून पिशवी उचलायचा. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात नाहीतर लेकाच्या दुकानात बसतात. चाचांनी पाच कॉम्प्युटर आणले, आणि घराच्या समोरच्या खोलीत, जिथे चाची पूर्वी कपडे शिवायच्या, क्लास काढला.

नोकरी सुटली, पण स्टँड काही सुटला नाही. पाचही मशीनना त्यांनी गावांची नावं दिली होती. दाराजवळचं मारेगाव, मग पांढरकवडा, घाटंजी, मुकुटबन आणि भिंतीकडेला पुसद. पुसद सगळ्यात हळू चालायचं. 'लंबा रूट आहे, टाइम लागनारच,' असं ते त्याच्या बाजूनं सांगत. मुकुटबनची कळपाटी अडखळायची, तर 'रस्ता खराब आहे तिकडचा'. त्यामुळे क्लासमध्ये ऐकू येणारं बोलणं बाहेरच्याला वेड लावणारं असे. 'चाचा, घाटंजी बंद पडली!' 'चाचा, पुसदमध्ये मुंग्या निघाल्या!'

क्लास नऊचा म्हणजे नऊला शिट्टी. कंडक्टरची असते ती. शिट्टी झाली की दाराला आतून कडी. पहिल्याच दिवशी मुलांचा डबा करता करता मला उशीर झाला. मी धापा टाकत पोचले तेव्हा कडी नुकतीच लागत होती. खिडकीतून हात जोडले.

"चाचा, मी दारातच आहे नं!"

"दारातला मानूस गाडीत नसते वहिनी. दुसरी गाडी साडेदहाले."

साडेदहापर्यंत मी त्यांच्या ओट्यावर चाचींना लसूण सोलून दिला. फीचं विचारलं तर म्हणाले, "तुमचं अर्धं तिकीट."

"काहून?"

"बारा वर्षांखालच्याले अर्धं असते. कॉम्प्युटरमध्ये तुमचं वय काय?"

"आज जन्मले."

"मंग?"

मी त्या वयात कॉम्प्युटर शिकायला का गेले, तेही सांगायला हवं. कापसाचं त्या वर्षांत जे झालं ते मी इथे उगाळत नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात फक्त त्या एका कारणासाठी यायचं, आणि आलेलं पाहून आम्ही पेपर घडी घालून ठेवायचो. आमच्या घरी शेती नव्हती. पण हे जिनिंगमध्ये कारकून होते. पूर्वी दिवाळीनंतर जिनिंगची धडधड सुरू झाली की उन्हाळा लागेपर्यंत थांबायची नाही, ह्यांच्या भुवयांवरसुद्धा कापसाचं रुईफूल असायचं. त्या वर्षी संक्रांतीलाच मशिनी गप्प झाल्या. मालक म्हणाला, पुढच्या सीझनला पाहू. हे घरी बसले आणि दिवसभर रेडिओ दुरुस्त करू लागले. रेडिओ चांगला होता. ह्यांनी दुरुस्त केल्यापासून बिघडला.

मुलींच्या शाळेत लिपिकाची जागा निघाली होती. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र जूनच्या आत आणा. तोवर मी जागा धरून ठेवते. पुढे माझ्या हातात नाही." मेमधल्या परीक्षेला बसले तरच ते हाती पडणार होतं. पुढची परीक्षा दिवाळीनंतर. म्हणजे माझ्यासाठी नव्हतीच.

आता सुविचाराकडे येते.

कॉम्प्युटरवर लिहायचं जे सॉफ्टवेअर होतं, ते चाचांनी नागपूरला जाऊन रीतसर विकत आणलं होतं. डबा मांडीवर घेऊन, बाजूच्या प्रवाशाला 'जरा सरका, कागदी आहे' म्हणत आणला होता. त्या डब्यात पंचवीस अक्षरांची एक किल्ली असते. ती मशीनमध्ये टाकली की मग ते काम करतं. ती एका मशीनपुरती असते. डब्यावर तसं लिहिलेलं होतं, मी वाचून दाखवलं. चाचांनी पाचही मशीनमध्ये तीच टाकली.

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही एसटीतले. एका परमिटवर एकच गाडी, हे तुम्हाला मी सांगू?"

चाचा विचारात पडले. त्यांना हा प्रश्न खरोखर लागला होता, हे दोन दिवस दिसत होतं. तिसऱ्या दिवशी शिट्टी मारून क्लास थांबवला आणि निकाल दिला. "ह्या पाच गाड्या नाहीत. ही एकच गाडी आहे, पाच सीट आहेत. खोली एक, मीटर एक, मालक एक. काय चुकलं?"

मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन ह्यांनाही पटवून दिलं.

पण मग बाहेरचे लोक यायला लागले. झेरॉक्सवाला आला, कृषी केंद्रवाला आला, गुरांचे डॉक्टर आले. सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले होते, सॉफ्टवेअर कुणीतरी सीडीवर उतरवून दिलं होतं, आणि किल्लीवाचून सगळं अडलं होतं. चाचांना ती किल्ली तोंडपाठ. ते कागदावर कधी लिहून द्यायचे नाहीत. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायचे, आणि भोंग्याच्या आवाजात सुरू. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बी, बसचा. क्यू, रांगेचा. सात, फलाट सातचा." पाच अक्षरं झाली की 'थांबा' म्हणून पाणी प्यायचे. पैसे घेत नसत. गुरांचे डॉक्टर निदान चहाचं तरी म्हणून बसले, तर त्यांनाच चहा पाजला.

मी पुन्हा नाक खुपसलं. "चाचा, गाडीत पाचच सीट होते नं?"

"उभ्यानं चालले ते," चाचा म्हणाले. "लोकाले रस्त्यात सोडून गाडी नेता येते काय?"

मार्चच्या शेवटी त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची मनाई केली. चाचा आत पलंगावर, गळ्याला मफलर, पाटीवर खडूनं लिहून चाचींशी भांडत होते. आणि बाहेर ओट्यावर किल्ली मागणारे एकापाठोपाठ एक. मला फार दया आली. दया आली की माझं डोकं चालायचं थांबतं, हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. क्लासबाहेर रस्त्याकडे तोंड करून एक फळा होता. माझं अक्षर बरं म्हणून त्यावर रोज सुविचार लिहायचं काम चाचांनी माझ्याकडे दिलं होतं. मी विचार केला, ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी, चाचांना त्रास कशाला? चाचांच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती. तेव्हा लिहिली. पंचवीसच्या पंचवीस अक्षरं. खाली डाव्या कोपऱ्यात एक कमळ काढलं.

तो बाजाराचा दिवस होता. स्टँडवर उतरलेला प्रत्येक माणूस त्या फळ्यावरून बाजारात गेला आणि त्या फळ्यावरून परत आला. दुसऱ्या दिवशी मी सुविचार बदलला तेव्हा एक जण म्हणाला, "ताई, कालचाच बरा होता."

मला वाटलं, कमळ आवडलं असेल.

घसा सुटला, चाचा परत बोलू लागले, आणि गंमत म्हणजे किल्ली मागायला कुणी येईना. "लोकाचा कॉम्प्युटरमधला इंट्रेस्ट कमी झाला," असं चाचा थोडे खट्टू होऊन म्हणाले. मला वाटलं, एखाद्या दिवशी सांगू आणि शाबासकी घेऊ.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी परीक्षा मंडळाकडून निरोप आला की पेपरचा प्रोग्राम इंटरनेटवरून प्रत्येक मशीनवर उतरवून घ्या. चाचांनी टेलिफोनची वायर काढून माझ्या हातात दिली. इंटरनेट तोवर एकाच मशीनला कधीतरी लावलेलं. मी वायर मारेगावला जोडली. जरा वेळानं पडद्यावर एक चौकट आली, बरंच इंग्रजी, आणि मग त्या सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर उमटेना. फाइल उघडायची, दिसायची, पण लिहू देईना. मला वाटलं मारेगावचं काहीतरी बिनसलं. वायर काढून पांढरकवड्याला लावली. तेच. घाटंजीला लावली. तेच. शहाणं माणूस इथे थांबलं असतं. मी मुकुटबन केलं आणि मग चिकाटीनं पुसदही केलं. लग्न आटोपल्यावर मांडवातले दिवे बंद करत जावं, तशी मी एकेक मशीन माझ्या हातानं बंद करत गेले.

चाचांनी ती चौकट वाचली. मग खाली दिलेला नंबर फिरवला. मी शेजारी उभी. पलीकडे एक मुलगी आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत बोलली. चाचांनी किल्ली म्हणून दाखवली, पण या वेळी भोंग्याच्या आवाजात नाही.

"सर, ये कितने कंप्यूटर पर चल रहा है?"

इथे कोणीही 'एक' म्हणालं असतं. मी हातानं खुणा करत होते, एक बोट वर करून, एक, एक.

"मेरे यहाँ पाँच," चाचा म्हणाले. "और बाहर पच्चीस-तीस लोगों को मैंने दी है, बेटा. खड़े खड़े."

पलीकडे कळा टकटकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली की ही किल्ली त्याच्या कितीतरी पट जास्त ठिकाणी वापरली गेली आहे, पार दुसऱ्या राज्यातूनसुद्धा, म्हणून ती कायमची बंद केली आहे. आता काही होणार नाही.

"सही किया," चाचा म्हणाले, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे पाहून, "वहिनी, दुसऱ्या राज्यात कोन गेलतं आपलं?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाजाराच्या दिवसासकट. चाचा ऐकत राहिले.

"फळ्यावर लिवलं?"

"हो."

"मोठ्या अक्षरात?"

"हो चाचा."

"कोनत्या खडूनं?"

"गुलाबी."

चाचांनी डोळ्यांवर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं, या वयात चाचांना काही झालं तर? हात काढला तर माणूस हसत होता. हसता हसता खोकला लागला, चाची पाणी घेऊन धावल्या. "काय झालं?" तर त्यांना सांगवेना. पाणी पिऊन झाल्यावर हसू ओसरलं, आणि पाच मशीनकडे नजर गेली. माझ्याबरोबर परीक्षेला बसणाऱ्या बाकीच्या चार मुलीही तोवर आल्या होत्या, वीस-बावीसच्या पोरी, एक तर मुकुटबनहून रोज गाडीनं यायची. उद्या परीक्षा, आणि लिहायला एक मशीन नाही. मला शाळेची ती जागा डोळ्यांसमोर जाताना दिसत होती, आणि घालवणारी मीच होते, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

एसटीत एक रीत आहे. गाडी रस्त्यात फेल झाली की कंडक्टर प्रवाशांना वाऱ्यावर सोडत नाही. रस्त्याच्या मधोमध उभा राहून मागून येणारी गाडी अडवतो, आणि त्याच तिकिटावर सगळ्यांना तिच्यात बसवून देतो. सगळे बसले की मगच स्वतः बंद गाडीजवळ थांबतो. चाचांनी हे किती वेळा फोनवरून करवलं असेल, देव जाणे. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला. मागची गाडी पाहू."

मागची गाडी रस्त्याच्या पलीकडे होती. त्याच वर्षी एका तरुण सरांनी समोर काचेच्या दाराचा, थंडगार हवेचा क्लास काढला होता. ते उन्हाळ्यातही टाय लावत. चाचा त्या क्लासला 'व्हिडिओ कोच' म्हणायचे आणि टायवाले सर चाचांच्या क्लासला 'कालीपिली', माणसं कोंबून धावणारी जीप. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. त्यांच्याकडच्या प्रत्येक मशीनला स्वतःची किल्ली होती, आणि तसं चमकतं स्टिकर लावलेलं होतं. आम्ही त्यांना हसायचो, एवढे पैसे कोणी घालतं का म्हणून. मी सगळ्यात जास्त.

चाचा काचेच्या दारातून आत गेले, मागे आम्ही पाचजणी. सरांचे विद्यार्थी माना वळवून पाहायला लागले.

"पाच पॅसेंजर आहेत," चाचा म्हणाले. "तिकीट काढलेले. माझी गाडी फेल झाली. उद्याच्या पेपरले बसवून घ्या."

सरांनी सगळं विचारून घेतलं. मग टाय सारखा केला. "चाचा, रीतसर लायसन्स घेतले असते तर ही वेळ आली असती का?"

"नसती आली."

"तुम्ही गावभर फुकट वाटता, म्हणून माझ्याकडे पाहून लोक हसतात. म्हणतात, हा सर मूर्ख आहे, विकत घेते. बसवून घेतो मी पोरींना. पण काय चुकलं, ते इथे सगळ्यांसमोर तुम्ही सांगा. मग बसवतो."

मला वाटलं, आता चाचा मागे फिरतात. शाळेची जागा, हे, रेडिओ, सगळं त्या एका क्षणात आलं. चाचांनी टोपी काढून हातात घेतली. आणि मग तो आवाज आला, जो मी लग्न होऊन वणीत आल्यापासून स्टँडवर ऐकत होते. काचा थरथरल्यासारख्या वाटल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. समोरच्या क्लासमध्ये एका किल्लीवर पाच मशीन चालत होत्या. बाहेर किती चालत होत्या याची गणती नाही. ज्याची वस्तू, त्याले न विचारता ती वाटली. ही चूक कंट्रोलरची आहे. या पाच मुलींची नाही. सरांनी पैसे भरून घेतलं, ते बरोबर केलं. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल कंट्रोलर दिलगीर आहे."

'पाच मुली' त्यांनी म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या मला धरून. मला राहवेना. मी पुढे झाले, "सर, फळ्यावर तर मी..."

चाचांनी खिशातून शिट्टी काढली आणि असली जोरात फुंकली की मी दचकून मागच्या पोरीच्या पायावर पाय दिला. सर टेबलाला धरून उभे राहिले. नंतर हळूच म्हणाले, "उद्या नऊला या सगळ्या."

"पावणेनऊले येतीन," चाचा म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. शाळेत मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. मुलांची शिक्षणं त्या पगारावर झाली. ह्यांना पुढे सूत व्यापाऱ्याकडे काम मिळालं, पण घराचा गाडा बरीच वर्षं माझ्याकडे होता, आणि मी तो मिरवला. शाळेत आठ कॉम्प्युटर आले तेव्हा संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "एकच किल्ली घ्या नं, टाका आठांत!" मी इतकी भांडले की ते म्हणाले, तुम्हाला कमिशन आहे काय? आठ किल्ल्या घ्याव्या लागल्या. चाचांनी चार मशीन विकली आणि त्या पैशांतून एकासाठी नवी किल्ली घेतली. राहिलं फक्त पुसद. त्यावर ते शेवटपर्यंत एकेकाला शिकवत राहिले. किल्ली मागायला कुणी आलं तर बोटानं रस्त्यापलीकडचा क्लास दाखवायचे. टायवाले सर मग येता-जाता त्यांना सलाम करायचे, आणि 'व्हिडिओ कोच' हा शब्द चाचांनी पुन्हा काढला नाही. 'कालीपिली' मात्र सरांच्या तोंडून एकदा निसटलं, तेव्हा दोघंही हसले, असं चाची सांगत.

त्या दिवशीची परीक्षा संपवून मी काचेच्या दारातून बाहेर आले, तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. चाचा समोरच्या लिंबाखाली बसलेले. पेपरभर तिथेच होते, हे त्यांच्या शर्टावर चढलेल्या घामाच्या रेषांवरून कळत होतं. काल मला बोलू दिलं नव्हतं, ते सगळं साचून होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सुरू केलं, चाचा, माझ्या मूर्खपणापायी तुम्हाला त्या पोराच्या दारात टोपी काढावी लागली, तुमचा क्लास गेला, मी तोंड कसं दाखवू... त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या वेळी शिट्टी नव्हती, आणि भोंग्याचा आवाजही नव्हता.

"चुकीबद्दल जे बोलाचं होतं ते मी काल बोलून आलो, वहिनी. तुम्ही फक्त पेपर कसा गेला, ते सांगा."